छत कापलेल्या पद्मिनीचे दरवाजे पुन्हा पुन्हा का अडकतात?

कब्जे वर-खाली करून झाले, लॉकची प्लेट घासून झाली, रबर बदलून झालं. पंधरा दिवस दरवाजा नीट लागला आणि मग पुन्हा तेच. वरच्या कोपऱ्यात रंग घासला जातो, लावताना खांदा द्यावा लागतो आणि खड्ड्यात चाक गेलं की पुढचा दरवाजा आपोआप उघडतो. जुन्या सलून गाडीचं छत घरी किंवा ओळखीच्या गॅरेजात कापून ज्यांनी-ज्यांनी उघडी गाडी करून घेतलीय, त्यांतल्या बहुतेकांच्या नशिबी हे येतं. सोबतीला पुढच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून जाणारी तडही असते.

माझ्या चुलत भावाने १९७९ ची प्रीमिअर पद्मिनी कापलेल्या अवस्थेतच विकत घेतली. आधीच्या मालकाने ती वरातीसाठी उघडी करून घेतली होती. गाडी इचलकरंजीजवळच्या त्याच्या शेतावर, कुंपणाच्या आतच फिरते. दोन वर्षांत तीनदा दरवाजे जुळवून घेतले, तिन्ही वेळा वेगवेगळ्या मिस्त्रींकडून. चौथ्या वेळी त्याचा फोन आला, "दादा, आता कब्जेच नवीन टाकूया का?" मी जाऊन पाहिलं, पण मलाही आधी कब्जाच दिसला. शेजारच्या गावातले एक म्हातारे डेंटर चाचा सहज बघायला आले होते. त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. "दरवाजा कशाला छळतोस? चौकट बघ की आधी."

जुन्या मातीच्या घरात पाया खचला की दार अडतं. सुतार येतो, रंधा मारतो, दार लागतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अडतं, पुन्हा रंधा. शेवटी दाराचंच लाकूड संपतं. या गाड्यांमध्ये आपण नेमकं तेच करत असतो. दरवाजा जसाच्या तसा आहे, त्याच्या भोवतीची चौकट वाकडी होत चालली आहे. म्हणून कब्ज्याला हात लावायच्या आधी खालच्या तपासण्या करा. एक दुपार पुरते.

सुरुवात कब्ज्याचा संशय काढून टाकण्यापासून. दरवाजा अर्धा उघडा, शेवटच्या टोकाला खालून धरा आणि वर उचलून सोडा. खट्ट असा आवाज येत असेल, दरवाजा खांबापासून सुटा हलत असेल, तर कब्ज्याच्या पिना झिजल्या आहेत. जुन्या फियाटमध्ये हे असतंच. त्या बदला, पण थांबू नका. कारण पिना बदलूनही त्रास उरतो असाच अनुभव जास्त आहे.

मग फटी मोजा. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) लागत नाही, ड्रिलची बिटं पुरतात: २ ते ८ मिलिमीटरची, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाची बिटं घ्या आणि मागचं गुळगुळीत टोक फटीत सरकवून बघा, कोणतं अलगद बसतं. दरवाजाच्या उभ्या फटीत वर आणि खाली अशा दोन जागा, चारही दरवाजांना. मास्किंग टेप चिकटवून आकडा तिथेच लिहून ठेवा. गाडी सपाट फरशीवर, रिकामी असताना एकदा मोजा. मग चार माणसं बसवून दरवाजे लावा आणि पुन्हा मोजा. शेवटी पुढचं एकच चाक साधारण १०० मिलिमीटर उंचीच्या फळीवर चढवून पुन्हा मोजा.

भावाच्या गाडीत पुढच्या दरवाजाची मागची फट रिकाम्या गाडीत वर २ आणि खाली ८ मिलिमीटर भरली. चार माणसं बसल्यावर वरची फट उरलीच नाही, रंगाला रंग लागला. फट वर अरुंद आणि खाली रुंद, आणि वजनाने हा फरक वाढतो, याचा अर्थ एकच. गाडीचं पोट खाली आलंय. पुढचा खांब आणि मधला खांब डोकं टेकवायला एकमेकांकडे झुकलेत. खात्री करायची असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा आणि पुढून मागे गाडीच्या फरशीच्या कडेची पातळी बघा. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर आहे. तेवढ्या लांबीत आमच्या गाडीचं पोट मध्यावर सहा-सात मिलिमीटर उतरलं होतं. डोळ्याला दिसत नाही इतकं कमी, आणि दरवाजाला मात्र पुरून उरतं.

चाक फळीवर चढवल्यावर एका बाजूची फट बदलते आणि दुसरीकडची उलट दिशेने बदलते, असं दिसलं तर गाडीला पीळ बसतोय. बहुतेक कापलेल्या गाड्यांमध्ये पोट आणि पीळ दोन्ही असतात. तिन्ही वेळा आकडे तेच आले आणि तरीही दरवाजा घासतोय, तरच दोष दरवाजाचा किंवा कब्ज्याचा.

असं का होतं हे नीट समजून घेतलंत तर दुरुस्ती चुकणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे गाडी उघडी करायची कल्पना बहुधा जीपवरून आली. जीपला खाली स्वतंत्र चासी (लोखंडी सांगाडा) आहे, वरचं हूड काढलं काय आणि ठेवलं काय, चासीला फरक पडत नाही. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्डही स्वतंत्र चासीची होती. पद्मिनीचं तसं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी, आणि तिच्या आधीची फियाट ११०० डी, ज्याला आपण डिलाइट म्हणायचो, दोन्हींना खाली वेगळी चासी नाही. पत्र्याचं खोकंच सगळं वजन पेलतं. त्याही आधीची डुक्कर फियाटसुद्धा त्यातलीच. या गाड्यांत छत पावसापुरतं नसतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या टपावरच्या कॅरिअरवर माणसं ट्रंका आणि वळकट्या लादून गावाला जायची. ते वजन छताच्या कडेच्या पन्हाळीतून खांबांत आणि खांबांतून खाली उतरायचं. छत, खांब आणि खालचा उंबरा मिळून एक चौकट होती. छत कापलं की त्या चौकटीचा वरचा पाट गेला, आणि सगळा भार उंबऱ्यावर आला.

उंबरा म्हणजे दरवाजाखालची लांब पेटी. कोणी सिल म्हणतं, कोणी रनिंग बोर्ड. झाकण लावलेला मिठाईचा खोका दोन्ही हातांनी पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. फरक हाताला कळेल. हिशेबात तो आणखी धक्कादायक दिसतो. १०० बाय १०० मिलिमीटरची, १ मिलिमीटर पत्र्याची चौकोनी पेटी घ्या. चारही कडा जोडलेल्या असताना ती पिळाला जेवढा विरोध करते, त्याचा सुमारे साडेसात हजारावा भाग उरतो, जर तिची एकच कड लांबीभर उघडी पडली तर. गाडीतली पेटी दोन्ही टोकांना जखडलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात एवढी दैना होत नाही. पण खालच्या कडेला गंजून उघडा पडलेला उंबरा म्हणजे काय, हे या आकड्यावरून लक्षात यावं. पत्रा नव्वद टक्के शाबूत दिसतो आणि ताकद जवळजवळ गेलेली असते.

आणि या गाड्या नेमक्या तिथेच गंजतात. मुंबई-कोकणात फिरलेल्या गाडीचा उंबरा आतून खाल्लेला असतो, वर लांबी (पुट्टी) आणि डांबराचा थर. लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. जाड स्क्रूड्रायव्हरने खालच्या शिवणीवर ठोकून बघा. जॅक लावताना उंबरा आत दबला, तर पुढच्या तपासणीची गरजच नाही, उत्तर मिळालं.

चार दरवाजांच्या गाडीत आणखी एक दुखणं आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. मधला खांब. पद्मिनीत पुढचा दरवाजा याच खांबावर लागतो आणि मागचा दरवाजा याच खांबाला टांगलेला असतो. छत असताना तो वर-खाली दोन्हीकडे धरलेला होता. छत गेल्यावर तो जमिनीत रोवलेल्या खुंटासारखा एकटा उभा. मागचा दरवाजा जोरात लावला की खांबच हलतो. खड्ड्यात खांब एक-दोन मिलिमीटर मागे गेला की पुढच्या दरवाजाचं लॉक प्लेटमधून सुटतं. आपोआप उघडणाऱ्या दरवाजाचं खरं कारण हेच, आणि म्हणून लॉक बदलून काही होत नाही. तपासायचं असेल तर एकाला मागचा दरवाजा उघडून त्यावर हाताने भार द्यायला सांगा आणि तुम्ही पुढच्या दरवाजाची फट बघा. हलताना दिसेल.

आता दुरुस्ती. आमच्या गाडीत आधीच्या गॅरेजने काहीच केलं नव्हतं असं नाही. फरशीखाली ५० बाय २५ चे दोन पाइप लावले होते. पण आडवे! २ मिलिमीटर जाडीचा तो पाइप उभ्या अंगाने लावला तर आडव्यापेक्षा तिपटीने कमी वाकतो. शिवाय दोन्ही टोकं नुसत्या फरशीच्या पत्र्याला टॅक (वेल्डिंगचा ठिपका) मारलेली. भार जिथून येतो तिथे ती पोचतच नव्हती, म्हणजे पाइप गाडीला धरत नव्हते, गाडीच पाइपांचं ओझं वाहत होती.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून चालेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक. सीट, चटया, छताचं उरलेलं अस्तर, सगळं बाहेर. पाण्याची बादली आणि एक माणूस फक्त ठिणग्यांवर नजर ठेवायला.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवायची ती पुढच्या सस्पेन्शनखाली आणि मागच्या अ‍ॅक्सलखाली. फरशीच्या मध्यावर घोड्या लावून वेल्डिंग केलं तर पुढचं-मागचं टोक खाली लोंबतं, फटी वर रुंद होतात, आणि त्या खोट्या आकारातच गाडी कायमची जखडली जाते. चाकांवर उतरवली की पुन्हा नवा वाकडेपणा. घरी केलेल्या दुरुस्त्या फसण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हे आहे.

दरवाजे जागेवर ठेवूनच उंबऱ्याखाली मध्यावर लाकडाचा लांब ठोकळा आणि जॅक लावा. हळूहळू, पाव-पाव फेऱ्याने वर घ्या, दर वेळी फट मोजा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी, नाहीतर पीळ बसतो. आम्ही वरची फट खालच्यापेक्षा १ मिलिमीटर जास्त ठेवली, कारण वजन आल्यावर ती थोडी मिटणारच. तिथे पोचल्यावर दरवाजे काढून प्रत्येक चौकटीत लोखंडी अँगलचा तिरपा आधार टॅक केला. आधार लावण्यापूर्वी आणि नंतर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि डावी-उजवी बाजू ताडून पाहा. खांबांच्या खुणा ओळंब्याने गाडीखालच्या जमिनीवर उतरवून खडूने लिहून ठेवल्या तर काम चालू असताना गाडी कुठे सरकली ते लगेच कळतं. पोटाला गंज इतका असेल की जॅकने उंबराच चिरडतोय, तर आधी आतल्या बाजूचा पत्रा बरा करावा लागेल.

एका वेळी एकच बाजू उघडायची. उंबऱ्याचा बाहेरचा पत्रा कापून काढला, गंज चकाकीपर्यंत घासला. आत २ मिलिमीटरची उभी पट्टी पुढच्या खांबाच्या पायापासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत सलग घातली, म्हणजे एका पेटीच्या दोन पेट्या झाल्या. मग बाहेरून १६ गेजचा, साधारण १.६ मिलिमीटरचा नवा पत्रा. केबिनच्या आत उंबऱ्याला चिकटून ८० बाय ४० चा पाइप उभ्या अंगाने. पाय ठेवायची जागा थोडी जाते, तेवढं सोसावं. या पाइपाची टोकं सगळ्यात महत्त्वाची: पुढे ते खांबाचा पाया आणि पायाकडच्या तिरप्या पत्र्याला जाड त्रिकोणी तुकड्यांनी बांधा, मागे पाट्याच्या पुढच्या टोकाचा ब्रॅकेट जिथे बसतो तिथपर्यंत न्या. तिथूनच भार येतो.

वेल्डिंग सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होतं ते) करा. जाड रॉडने पातळ पत्रा जळतो, आणि गॅसने लांबवर तापून वाकतो. एका दमात लांब शिवण ओढू नका. २०-२५ मिलिमीटरचा टाका, मग अर्धा मीटर लांब दुसरा, मग उलट्या बाजूला. थंड होऊ द्या, मधल्या जागा नंतर भरा. शेवटी मात्र कडा पूर्ण मिटल्या पाहिजेत, मघाचा साडेसात हजारांचा हिशेब आठवा. घाई केली तेव्हा आमचाच उंबरा एकदा २ मिलिमीटर ओढला गेला आणि एक दिवस फुकट गेला.

दोन्ही उंबरे झाले की त्यांना आडवे बांधायचं. पुढच्या सीटखाली एक पाइप, मागच्या सीटच्या पुढे दुसरा. मध्ये प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा) बोगदा येतो, त्यावरून कमान करून न्या आणि शाफ्ट वर-खाली होतो तेवढी मोकळी जागा ठेवा. तिसरा पाइप डॅशबोर्डच्या आत, पुढच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. स्टिअरिंगच्या दांड्याला आणि गिअरच्या दांड्याला तो अडणार नाही हे आधी पुठ्ठ्याचा नमुना लावून बघा. मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकी सुरू होते तिथे, आडवा पत्रा पूर्ण बंद करून त्यावर फुलीचे दोन पाइप. पीळ कमी करायला या फुलीइतका स्वस्त उपाय नाही.

मधल्या खांबासाठी मला दोनच मार्ग पटतात. पहिला, मागचे दोन दरवाजे कायमचे वेल्ड करून बंद करणं. गाडी दोन दरवाजांची होते, मागे बसायला पुढची सीट दुमडावी लागते, पण खांब मागच्या पत्र्यात विरघळून जातो. दुसरा, दोन्ही खांबांना डोक्यावरून जोडणारी कमान. भावाला शेतावरच्या लग्नकार्यांसाठी चारही दरवाजे हवे होते, म्हणून आम्ही कमान केली. ती खांबाच्या कापलेल्या टोकाला नुसती डकवू नका, खांबाच्या आतून खाली उंबऱ्यापर्यंत न्या. पाण्याच्या नळाचा पाइप वापरू नका. आणि गाडी उलटली तर ही कमान जीव वाचवेल असं कृपा करून कोणी धरून चालू नका, तिचं काम फक्त खांब धरणं.

दरवाजांच्या काचेच्या चौकटी कापल्या असतील तर उघडं पडलेलं वरचं टोक पट्टी मारून बंद करा, नाहीतर दरवाजा स्वतःच थरथरतो.

पुढची काच सगळ्यात शेवटी. काचेच्या चौकटीचा वरचा आधार छताबरोबर गेलेला असतो, त्यामुळे गाडीचा पीळ काच अंगावर घेते आणि खालच्या कोपऱ्यातून तडकते. डॅशमधला पाइप आणि खांबाच्या पायाचे त्रिकोण झाल्याशिवाय नवी काच बसवणं म्हणजे पैसे फेकणं. आधी चार माणसं बसवून, चाक फळीवर चढवून मोजा. चौकटीचे कर्ण हलत नसतील तरच काच.

पाण्याच्या निचऱ्याची भोकं उंबऱ्याच्या तळाला ठेवायला विसरू नका. उघड्या गाडीत पाणी शिरणारच, ते साठलं की नवा उंबराही दोन पावसाळ्यांत जातो. आतून गंजरोधक मेण फवारा, जुनं इंजिन ऑइलही काही नसण्यापेक्षा बरं.

ज्यांनी अजून करवत उचललेली नाही, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. चांगली खोकी दर वर्षी कमी होत आहेत. गंज नसलेलं खोकं कापू नका. हवा आणि आभाळच हवं असेल तर छताचा फक्त मधला पत्रा काढून कापडी छत करा, कडेच्या दोन्ही आडव्या पट्ट्या आणि सगळे खांब जागेवर ठेवून. १९५७ च्या छोट्या फियाट ५०० चं कापडी छत असंच होतं, कडा शाबूत ठेवून. आणि पूर्ण उघडी गाडी हवी होती तेव्हा १९५५ मध्ये खुद्द फियाटने ११०० ची ट्रास्फॉर्माबिले ही उघडी आवृत्ती काढली ती दोनच दरवाजांची.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणीही मूळ रूपात जपलेल्या गाडीलाच मिळते, छत कापलं की ती वाट बंद. म्हणून भावाची गाडी कुंपणाबाहेर जात नाही, वरातीलाही नाही. शेतावरच्या कार्यक्रमात नवरा-नवरी फाटकापासून मांडवापर्यंत बसतात, तेवढंच.

काम संपून आठ महिने झाले. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बिटं घेऊन फटी मोजतो आणि वही ठेवतो. रिकाम्या गाडीत वर ५, खाली ४. चार माणसं बसल्यावर वर साडेचार, खाली साडेचार. एक मधला पावसाळाही त्यात येऊन गेला. मागच्या डाव्या दरवाजाची वरची फट तेवढी अर्ध्या मिलिमीटरने कमी झाली आहे. पुढच्या महिन्यात ती आणखी मिटली तर त्या बाजूच्या कमानीचा पाया उघडून बघणार आहोत. कब्जा नाही.